आठशे अडतीस माणसं

शेवटच्या खिडकीतला आकडा सहा आणि सातच्या मधे अडकला होता — सहाचं पोट अर्धं वर सरकलेलं, खालून सातची आडवी रेघ डोकावतेय — आणि अंबरीषने ते मुठीत मावणारं, गार, गोल यंत्र जरा हलवून पाहिलं, कानाशी नेलं, मग कानाशी कशाला नेलं म्हणून स्वतःवरच वैतागून खाली घेतलं. खटका दाबला की एक माणूस. इतकं सोपं यंत्र. सात नीट बसला. चारशे सत्तेचाळीस. पश्चिमेच्या दरवाज्यातून आत आलेली चारशे सत्तेचाळीस माणसं, आणि आता मध्यंतर होत आलं होतं, समोरच्या रस्त्यावर कुत्रं नव्हतं, ऑक्टोबरचं ऊन स्वच्छ पडलं होतं — म्हणजे पावसावर ढकलायचीही सोय नाही.

आत शिट्टी वाजली, थोडा गलका झाला आणि विरला. रग्बी. तेही तेरा जणांचं. अंबरीषला दोन वर्षांपूर्वीपर्यंत रग्बी दोन प्रकारची असते हेच ठाऊक नव्हतं. पंधरा जणांची, जिच्यामागे इथले लोक वेडे होतात, आणि ही तेरा जणांची, जी सिडनीत आणि इंग्लंडच्या उत्तरेकडे भाकरीसारखी रोज लागते आणि जपानात कुणाला माहीत नाही. मुंबईच्या मुलाला काय कळणार त्यातलं? पण ट्रेडिंग कंपनीने टोकियोत क्रीडा-कार्यक्रमांचं टेबल, म्हणजे छोटंसं खातं, काढलं, त्याचे प्रमुख म्हणून कुरामोची-सान बसले आणि त्यांच्या डाव्या हाताला अंबरीष बसला, आणि मग प्रश्न समोर आला : तेरा जणांच्या रग्बीचा आंतरराष्ट्रीय कसोटी सामना जपानात भरवणं धंद्याच्या दृष्टीने परवडेल का? अहवाल अंबरीषने लिहिला. तेवीस पानांचा. छान झाला होता, सगळे म्हणाले. पाहुण्या संघाचा विमानखर्च यजमानाच्या डोक्यावर, एकेक गडी दोन माणसांइतकं जेवणारा. पण प्रक्षेपण त्यांच्या देशाला विकता येतं, मागोमाग येणाऱ्या प्रेक्षकांना सहली विकता येतात, शहराची नगरपालिका मैदान देते... ‘कसोटी सामन्याचं मोल केवळ दारावरच्या गर्दीने ठरवता येत नाही,’ हे वाक्य त्याचंच. आणि लगेच खालच्या ओळीत दारावरची गर्दी : दोन हजार.

दोन हजार कुठून आले? मी सांगतो कुठून आले, अहवाल माझाच. पंधरा जणांच्या खेळाला त्याच मैदानावर जेवढे लोक आले होते त्यांचा मी सहावा हिस्सा घेतला. बस्स. सहावाच का, पाचवा का नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. सहावा जरा विचारपूर्वक वाटतो.

आणि हिरामात्सु-सान तर आठशे म्हणाले होते.

मार्चमध्ये त्सुकुबाला त्यांच्या घरी गेला होता तो. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेला, बहात्तर वर्षांचा, मान बैलासारखी जाड आणि आवाज मात्र देवघरातला. बत्तीस वर्षं या माणसाने ही तेरा जणांची रग्बी जपानात सांभाळली. संघटना म्हणजे ते स्वतः, एक सायकल आणि अंगणातली दोरी, जिच्यावर त्या दिवशी संघाचे सव्वीस सदरे वाळत होते. अंबरीषने विचारलं, किती येतील? म्हाताऱ्याने खिडकीबाहेर सदऱ्यांकडे पाहिलं, म्हणाले, “आठशे. पाऊस आला तर चारशे. पण ते आठशे दरवर्षी येतील, अंबरीष-सान, एवढं मी सांगू शकतो.”

परतीच्या गाडीत बसून त्याने आठशेवर हिशेब केला होता. बाकी कुणाला ठाऊक नाही हे — बायकोला, मैथिलीलाही नाही. कोन्बिनीतून, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेल्या ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या गोळ्याच्या, पावतीच्या पाठीमागे. छोटं शाळेचं मैदान, खेळाडूंना विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरवायचं, प्रक्षेपण साधं... आणि जुळत होतं ते. फायदा नाही, पण तोटाही नाही. दरवर्षी एक सामना, आठशे माणसं, चालू राहिलं असतं. प्रश्नाचं उत्तर होतं ते. खरं उत्तर. पण एवढंसं उत्तर घेऊन कुरामोची-सानच्या टेबलाशी जायचं कसं? एवढंसं उत्तर असेल तर टेबलच कशाला हवं? टेबल नाही तर मार्चअखेर आर्थिक वर्ष संपलं की इथे अंबरीष नाही. मुंबईला परत, लेकीची, जुईची, शाळा अर्ध्यावर — जी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देते आणि परत जायचं नाव काढलं की उत्तरच देत नाही. पावती त्याने इचिकावाच्या स्टेशनवर टाकली. कागदाच्या डब्यात की जळाऊ कचऱ्यात, यावर क्षणभर घोटाळून.

दोन हजारांचा अहवाल घेऊन तो पुन्हा त्सुकुबाला गेला, संघटनेचा शिक्का हवा होता. इथे सही नाही, शिक्का. म्हाताऱ्याने सगळी पानं वाचली. आकड्यापाशी बोट थांबलं. अंबरीष घाईने म्हणाला, “कागदावर जरा आशावादी असावं लागतं, सेन्सेई.” त्यावर ते काही बोलले नाहीत. अंबरीषने त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्याकडे घेतात तसा घेतला, की चला, हरकत नाही म्हणताहेत. शिक्का उमटला — सरळ, ताठ, वर्तुळात हिरामात्सु. त्याच्या शेजारी अंबरीषचा, चार अक्षरांचा, परदेशी माणसाचा म्हणून वेगळ्या लिपीतला. निघताना त्यांनी वाळवलेल्या खजूर-रंगाच्या पर्सिमन फळांची पिशवी हातात दिली. जुईने दोन दिवसांत संपवली.

दोन हजार भरले तर कंपनी तीन वर्षांचा करार करणार. आणि करारात यजमान संघटना जबाबदार. पुढच्या वर्षी आठशेच आले की पुरस्कर्त्यांसमोर उभं राहून, कमरेत वाकून माफी मागणार तो शिक्का. अंबरीष तोवर कुठल्या तरी दुसऱ्या टेबलाच्या डाव्या हाताला बसलेला असेल. हे त्याला मार्चमध्येही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

“अरे, असा काय उभा आहेस चेहरा पाडून?” विभाताई बाहेर आल्या होत्या. इचिकावाच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, साठीच्या, गणपतीत शंभर माणसांच्या पानांचा अंदाज ज्यांचा कधी चुकला नाही अशा. अंबरीषने फुकट पास दिले म्हणून त्यांनी बस करून मंडळाची त्रेचाळीस माणसं आणली होती, डबे आणि सतरंज्यांसकट. “आमच्या लोकांना त्या खेळातलं डोंबल कळत नाहीये. मागे फेकत फेकत पुढे पळायचं म्हणे. पण तू बोलावलंस म्हणून आलो हो. गूळपोळी आणू?”

“नको, ताई. इथून हलता येत नाही.”

“मोजतोयस ना? आमचे त्रेचाळीस नीट धर. पास फुकट असला तरी माणसं खरी आहेत.” त्या हसल्या, पाठीवर थाप मारून आत गेल्या.

फोन वाजला. पूर्वेच्या दरवाज्यावर हिरामात्सु-सान स्वतः उभे होते, तसंच यंत्र घेऊन. येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करायचा आणि मग खटका दाबायचा. सकाळी अंबरीषने पाहिलं होतं. “माझ्याकडे तीनशे एक्क्याण्णव. तुमच्याकडे?”

“चारशे सत्तेचाळीस.” अजून खोटं बोलायचं ठरलं नव्हतं.

पलीकडे कागदावर पेन्सिल चालली. “आठशे अडतीस,” म्हातारा म्हणाला, आणि त्या आवाजात — काय सांगू — आनंद होता. निव्वळ आनंद. “बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आठशेच्या वर, अंबरीष-सान. अडतीस जास्त.” पूर्वेचा दरवाजा आता बंद करतो म्हणाले, आता सगळे पश्चिमेकडूनच जातील, बस तिकडेच लागते.

ते अडतीस जास्त म्हणजे विभाताईंचे त्रेचाळीस. म्हणजे मुळात पाच कमीच. आठशेला पाच कमी. इतका बरोबर अंदाज करणाऱ्या माणसाला मी आशावाद शिकवायला गेलो होतो.

दुसरा डाव सुरू झाला. अंबरीषचा हात कोटाच्या खिशात गेला — यंत्रासकट. खिशात गार वाटलं, मग कोमट. आणि अंगठा चालू लागला. आपण हे करणार आहोत असं त्याने ठरवल्याचं त्याला आठवेना. पण आठवेना म्हणणं म्हणजे पुन्हा तेच, सोय बघणं... कट्. निदान एकेक माणूस तरी डोळ्यांसमोर आणावा, रिकामी दाबादाबी नको, म्हणून त्याने सुरुवात केली : कट् — बाबा, आले असते, सामना कळला नसता तरी टाळ्या वाजवल्या असत्या. कट् — आई. कट् — शाळेतले चंद्रहास सर, हेही व्यायामाचेच, कबड्डीत अंबरीषने रेषेला हात लागला नसताना लागला म्हटलं आणि सरांनी गुण दिला, नंतर पाण्याच्या टाकीपाशी फक्त म्हणाले, लागला ना रे? ...कट्, कट्. गिरगावातले शेजारी. पहिल्या नोकरीतला नीलकंठ, ज्याची कल्पना याने आपल्या नावावर सांगितली. कट्. सगळे दरवाज्यातून आत चालले होते, ओळीने, आणि कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. साठाव्या-सत्तराव्या माणसापर्यंत चेहरे पुरले. मग चेहरे संपले. माणसाच्या आयुष्यात इतकेच चेहरे असतात की काय? पुढे नुसता अंगठा. अकराशे पासष्ट वेळा. रस्त्यापलीकडच्या पार्किंगमधला पहारेकरी एकदा इकडे बघून हसला. अंबरीषही हसला, आणि खिशातला अंगठा हसतानाही थांबला नाही.

सोळाशे बारावर तो थांबला. अंगठ्याच्या पेरावर खटक्याची खोल खूण पडली होती.

हिरामात्सु-सान मैदानाला वळसा घालून, कागदाची पाटी छातीशी धरून आले. प्रेक्षकसंख्येचं पत्रक. दोन दरवाजे, दोन आकडे, दोन शिक्के. मग तो कागद वर घोषणेच्या खोलीत जातो. “तुमचा शेवटचा आकडा,” ते म्हणाले.

अंबरीषने खिशातून यंत्र काढून पुढे धरलं. तोंडाने म्हणायचं टाळलं. निदान तोंडाने.

म्हाताऱ्याने खिडक्यांतले चार आकडे पाहिले. वर स्टँडकडे पाहिलं, कॅमेऱ्यात भरगच्च दिसावं म्हणून सगळी माणसं जिथे एकाच बाजूला बसवली होती. मग पुन्हा आकड्यांकडे. अंबरीष वाट बघत होता. विचारा ना, मी मनात म्हणत होतो, मध्यंतरात चारशे सत्तेचाळीस होते ना म्हणून विचारा, एकदा विचारलंत तर मी सांगेन, शपथ. त्यांनी लिहिलं, सुरेख अक्षरात. सोळाशे बारा. बेरीज, दोन हजार तीन. अंबरीषने आपला शिक्का मारला, किंचित हललेला. त्यांनी आपला काढला, लाल शाईला टेकवला, आणि टेकवताना मनगट जरासं डावीकडे वळवलं.

बँकांमध्ये, जुन्या कचेऱ्यांमध्ये इथे अशी रीत आहे : खालच्या माणसाने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे कलता मारायचा, म्हणजे कागदावरही तो त्याला वाकून नमस्कार करतो. कुरामोची-सानने ते सांगितलं तेव्हा अंबरीष हसला होता, घरी येऊन मैथिलीला नक्कल करून दाखवली होती, दोघं पोट धरधरून हसले होते. आता त्या कागदावर बहात्तर वर्षांचा हिरामात्सु अंबरीषच्या चार अक्षरांसमोर वाकलेला होता. मार्चमधला शिक्का ताठ होता. ताठ, मला आठवतंय.

“सेन्सेई...”

“थंडी पडेल आता,” ते म्हणाले. “कोटाची बटणं लावा.” आणि कागद घेऊन जिना चढून गेले, कठड्याला धरून.

थोड्या वेळाने बाईच्या गोड आवाजात घोषणा झाली, की आजची प्रेक्षकसंख्या दोन हजार तीन, आपण आलात, मनःपूर्वक आभार. इथे अशा वेळी लोक टाळ्या वाजवतात, स्वतःच्याच संख्येला.  त्याआधी आठशे अडतीस माणसांनी आजूबाजूला पाहिलं असणार, रिकाम्या खुर्च्यांकडे, एकमेकांकडे. कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. टाळ्या आल्या, सभ्य, एकसारख्या. त्यांच्यात विभाताईंच्या बांगड्यांचा आवाज असेल, शंभर पानांचा अंदाज न चुकणाऱ्या. माझी लाज राखायला वाजवल्यासारख्या टाळ्या होत्या त्या. त्यापेक्षा कुणी कानाखाली वाजवली असती तर चाललं असतं.

खिशात फोन थरथरला. कुरामोची-सान : दमला असाल, आभार, दोन हजार तीन, छान; पुढच्या वर्षीच्या तारखा सोमवारी बोलू. पाहुणे जिंकले की आपले, हे त्यांनी विचारलंही नाही. सामना संपल्याची मोठी शिट्टी झाली होती.

आणि माणसं यायला लागली. बाहेर. सगळी याच दरवाज्यातून, बस इथेच लागते म्हणून. पहिला एक म्हातारा, टोपीवाला. मग आई आणि दोन मुलं. अंबरीषचा उजवा अंगठा ठणकत होता. यंत्र त्याने कठड्यावर ठेवून दिलं, उपडं. डावा हात मोकळा होता. डाव्या अंगठ्याने करंगळीचं खालचं पेर धरलं, मग मधलं, मग वरचं, मग शेजारचं बोट — बाबा जप करताना मोजायचे तसं, एका हातात बारा. टोपीवाला, आई, मुलगा, मुलगी. हिरामात्सु-सान ज्याचे सदरे वाळवायचे त्या संघाचे जुने खेळाडू, एकदम सहा. प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. अंबरीष प्रत्येकाकडे बघत होता आणि प्रत्येकजण जाताना त्याच्याकडे बघून किंचित मान झुकवत होता. बारा झाले. पुन्हा करंगळी. या मोजणीचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, सोमवारी ती कुणाला सांगता येईल का तेही. जिन्याच्या वरच्या पायरीवर हिरामात्सु-सान उभे राहून खाली त्याच्या हाताकडे बघत होते की नुसतेच माणसांकडे, तेही वर मान करून पाहायची हिंमत झाली नाही. चोवीस. विभाताई सतरंजी काखेत मारून आल्या आणि काही बोलणार तोच त्याची बोटं बघून बाजूला सरल्या, मागच्यांना एकेक करून पुढे सोडू लागल्या. छत्तीस. सदतीस. अडतीस.