ठोक्यामागची टिचकी

आमच्या गुरुशांतला हाक मारली तर तो ओ देत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईनं स्वयंपाकघरातून घसा ताणायचा आणि या पंचेचाळिशीच्या घोड्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं. डोक्यावर ते काळं हेडफोन, दोन्ही कानांवर वाट्या पालथ्या घातल्यासारखं. त्याची वायर समोरच्या धुडात. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन परवा डाळ करपली, आणि हा कुकरपासून चार हातांवर बसलेला! मी म्हटलं, "आरं, नाक तरी उघडं हाय की तुजं." तेव्हा कुठं मान वळवली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "काय म्हनलीस?"

गल्लीत मला सगळे अव्वा म्हणतात. मी हाक मारली की पलीकडच्या बोळातली माणसं दारात येतात. आणि घरातलं पोर असं.

ते धूड म्हणजे त्याच्या बापाचा रिसिव्हर, दोन स्पीकरवाला मोठा रेडिओच म्हणा. आमचे हे, गंगाधर, चादरीच्या मागांवर जॉबर होते. विणकर माग चालवतो, आणि माग बिघडला की त्याला ताळ्यावर आणतो तो जॉबर. गुरुशांतही पुढं जॉबरच झाला. गिरणी बंद पडली तेव्हा तिथले एक साहेब गाव सोडून निघाले आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. शहाण्या लोकांनी कपाटं घेतली, पंखे घेतले. आमच्या ह्यांनी हे जपानी धूड उचललं. सायकलच्या कॅरियरला बांधून, एका हातानं धरून, चालत आणलं. चांदीसारखं तोंड, हिरवा दिवा, बोटाएवढी बटणं. "ह्याच्यात लई ताकद हाय," म्हणाले. मी म्हटलं, "ताकद हाय तर त्यावर दळान दळा." पण रोज सकाळी आकाशवाणी लागायची ती त्यावरच. चालू झालं की पत्र्याला ऊब यायची आणि आमचं मांजर वर चढून झोपायचं.

हे गेले आणि मी त्यावर विणलेला रुमाल टाकला. मांजरही गेलं. पुढं कितीतरी वर्षं ते मुकं पडून होतं.

यंदा सिद्धेश्वराची जत्रा उरकली आणि एका सुट्टीला गुरुशांतनं तो रुमाल काढला. झाकण उघडून ब्रशनं धूळ झाडली. आवाजाचं बटण फिरवलं की आत खरखर व्हायची, तिथं कसलासा फवारा मारून पुढं-मागं फिरवत बसला. मग लाल-पांढऱ्या टोकांच्या वायरनं आपला मोबाईल त्याला जोडला. हेडफोन ह्यांच्याच वेळचं. त्याची अंगठ्याएवढी पिन पुढच्या भोकात घातली की दोन्ही स्पीकर गप्प होतात आणि सगळा आवाज एकट्या माणसाच्या कानात जातो. असल्या एकलकोंड्या वस्तू कोण काढतं कुणास ठाऊक!

मी म्हटलं, "फोनला ती बारकी बोंडं मिळत्यात की कानात घालायची. समदी पोरं घालत्यात."

"त्येच्यात जोर न्हाय अव्वा. ह्येच्यात जोर हाय."

बापाचंच वाक्य. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? पण त्याला चटकच लागली. कामावरून आला की हातपाय धुवायचे, भाकरी खायची आणि डोक्यावर हेडफोन. बटण दाबलं की धूड जरा दम खातं, आत टक् असं होतं, मग हिरवा दिवा नीट लागतो. तो टक् ऐकला की मी समजायची, झाला हा परदेशी. हेडफोनच्या जुन्या कातड्याचे काळे कपचे त्याच्या कानांवर, कॉलरवर चिकटलेले असायचे. टेंभुर्णीला माझ्या भावाच्या घरभरणीला गेलो तर भावानं मांडवातून तीनदा हाक मारली, हा आपला समोर बघत उभा. भाऊ मला म्हणाला, "तुजा जॉबर लई मोटा झालाय बग." माझी मान खाली गेली. चेतनानं, म्हणजे सुनेनं, हळूच त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो वळला. मी घरी येऊन तिलाच झापलं. "नवऱ्याला काय म्हशीगत हात लावून वळवायचं? तोंड न्हाय व्हय तुला?" ती भांडी घासत राहिली.

मग विरेशचं झालं.

विरेश आमच्याच गल्लीतला, अक्कलकोट रोडला गुरुशांत ज्यांचे माग बघतो त्यातल्याच एका कारखान्यात माग चालवायचा. मागावर धोटा असतो, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. पोटात दोऱ्याची कांडी घेऊन तो या टोकाकडून त्या टोकाकडं पळतो. नीट पळाला तर चादर होते. वाट सोडली तर गोफणीच्या दगडासारखा बाहेर येतो. पंधरवड्यापूर्वी तसा आला आणि त्याची चोच विरेशच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा राहिला नाही.

मी बघून आले त्याला. पट्टीच्या आडून म्हणाला, "अव्वा, बसा." मला बसवेना.

त्यानंतर गुरुशांतचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा मोडायचा, ताटात ठेवायचा आणि उठायचा. तिकडं टक्. मला वाटलं, दुःख झालंय पोराला, गाणी ऐकून मन रमवतोय. पण दुसऱ्याचा डोळा गेल्यावर गाणी ऐकावीत हेही मला पटेना.

काल त्याला सुट्टी होती. दुपारी विरेशची बायको अंकिता दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात चप्पल तशीच.

"अण्णा," तिनं हाक मारली. पुन्हा, "अण्णा."

हा भिंतीकडं तोंड करून.

"त्याला ऐकू जायाचं न्हाय," मी म्हटलं. "कानाला झापडं लावल्यात. ये, बस. चेतना, च्या टाक गं."

ती उंबऱ्याशीच टेकली. चेतनानं कप आणून दिला, तो तिनं खाली ठेवला.

"अव्वा, मालक म्हनतोय चूक ह्येंचीच हाय. धोटा नीट बसवला न्हाय म्हनं. मागाचा आवाज बदलला हुता तर जॉबरला इचारलं का न्हाय म्हनं."

"मग? इचारलं हुतं का?"

"इचारलं हुतं की. आदल्या दिवशीच मागाचा आवाज फोनमदी भरून अण्णांना धाडला. अण्णांनी उलट धाडलं, काय न्हाय, चालव. म्हनून चालवला."

हल्ली तशीच रीत आहे. पूर्वी माग कुरकुरला की ह्यांना बोलवायला माणूस सायकलवर यायचा. आता एका जॉबरच्या गळ्यात पाच-सहा कारखाने, मग विणकर आवाजच पाठवतो. जॉबर आहे तिथं ऐकतो आणि सांगतो, बंद कर, नाहीतर चालव.

"दाव की मग मालकाला," मी म्हटलं.

"त्येंचा फोन त्या दिवशीच मागाखाली पडून फुटला. अण्णांच्या फोनात आसंल. अण्णांनी येक शब्द टाकला तर... डोळा गेला त्यो गेला अव्वा. पर वर आनी हलगर्जी म्हनून नाव. दुसरा कोन उबं करंल त्येंना?"

माझ्या अंगाचा भडका झाला. "हे बग अंकिता, तुजं दुःख मोटं हाय. पर माजा पोरगा गंगाधर जॉबराचा हाय. खराब मागाला चालव म्हनायचा न्हाय त्यो. आमच्या दारात बोट दावायला आली आसशील तर चुकलीस."

"बोट न्हाय दावत," ती म्हणाली. "इचाराया आली." मग गुरुशांतच्या पाठीकडं बघितलं, जरा वेळ बघितलं, आणि गेली. चहा तसाच राहिला.

चेतना दाराशी उभी होती, डोळे पुशीत. ते बघून तर मी आणखी पेटले. म्हटलं, याच्यासाठी मी लोकांशी भांडते आणि हा गाणी ऐकतोय! गेले आणि त्याच्या डोक्यावरनं हेडफोन ओढून काढलं. कसलं गाणं आहे ते तरी बघू म्हणून आपल्या कानाला लावलं.

गाणं नव्हतं. माग होता.

असा धडाका की कानात कुणी पहार हाणावी. मी हेडफोन टाकलंच. ते लोंबकळत राहिलं आणि जमिनीजवळनंसुद्धा तो खडखडाट ऐकू येत होता, उंबऱ्यापर्यंत. इतका आवाज हे लेकरू कानात घालून बसलं होतं आणि त्याचा चेहरा थंड पाण्यासारखा.

"त्योच आवाज हाय," तो म्हणाला. "विरेशनं धाडलेला."

मी लोंबकळणारं हेडफोन उचलून रिसिव्हरवर ठेवलं.

"अव्वा, मला ह्येच्यात नुस्ता धडधडाट येतोय. त्या दिवशी फोनवर ऐकला, तवा बी त्येवडाच आला. म्हनून चालव म्हनलं. म्हनलं, ह्या मशीनवर लावून बगू, ह्येच्यात जोर हाय, बारीक काय आसंल तर कळंल. रोज बगतोय. वाडवून वाडवून बगतोय. कळंना."

"वाडवून? आरं, कान फुटतील."

"फुटलंच हायत, अव्वा," हे चेतना बोलली. माझ्याशी नजर न मिळवता. "जत्रंच्या आदीपास्नं. बारीक आवाज येतच न्हाईत त्येंना. बांगड्या न्हाईत, शिट्टी न्हाय, दारावरची घंटी न्हाय. मानसाच्या तोंडाकडं बगून वळकत्यात, काय म्हनतोय ते."

"आन तू मला सांगितलं न्हाईस?"

"त्येंनी आन घातली हुती."

मागांच्या गोंगाटात माणसं तोंडाकडं बघूनच बोलतात, हातांच्या खुणा करतात. ह्यांनाही सवय होती. घरी यायचे तरी अर्धं हातानंच बोलायचे. म्हणून मला कधी वावगं वाटलं नाही. पण ह्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. याचे गेले. आणि गेले म्हणायला याची जीभ उचलली नाही, कारण बहिऱ्या जॉबरला कोण ठेवणार?

गुरुशांत माझ्या ओठांकडं बघत होता.

"तुजा कान चांगला हाय," तो म्हणाला. "तू वीस वरसं मागाशेजारी कांड्या भरल्यास. सांग मला. काय हाय का त्यात? काय नसंल तर धोटा आपला आपन उडाला. आसंल तर..."

मी रिसिव्हरसमोर बसले. ते मोठं बटण उलटं फिरवत आणलं, पार खाली. हेडफोन चढवलं. त्याच्या कानाची ऊब अजून त्या वाट्यांना होती.

सुरुवातीला खटाक्-खट, खटाक्-खट. मागाशेजारी वीस वर्षं काढलेल्या बाईला ते ऐकून झोप यावी. मी डोळे मिटले. आवाज आणखी कमी केला. धोटा त्या टोकाला जाऊन आपल्या पेटीत बसतो तेव्हा एकच ठोका येतो, दार घट्ट लागावं तसा. इथं ठोका पडत होता, आणि त्याच्या मागून एक टिचकी. बारीक. धोटा पेटीत बसून पुन्हा मागं सरकत होता. प्रत्येक फेऱ्याला. खटाक्-खट-टिक्. खटाक्-खट-टिक्.

आमचे हे जेवताना कधीकधी स्टीलच्या ताटाच्या काठावर नख मारून दाखवायचे. पोर समोर बसलेलं असायचं. "आसं वाजलं की माग बंद," म्हणायचे. "इचारायचं न्हाय, बगायचं न्हाय, बंद." आणि पोर हसायचं, आपल्या ताटावर नख मारायचं.

तेच नख होतं.

काही नाही म्हटलं असतं तर? हा आवाज आता उभ्या सोलापुरात दुसरीकडं कुठं नव्हता. विरेशचा फोन फुटलेला. याच्या फोनातलं एका बोटानं पुसलं असतं. पोरगं उद्या कामावर गेलं असतं, मी पुन्हा बोळातनं ताठ मानेनं गेले असते, जॉबरची बायको, जॉबरची आई. तो माझ्या ओठांकडं असा बघत होता, की मी नाही म्हटलं तर त्यानं ते देवाच्या अंगाऱ्यासारखं कपाळाला लावलं असतं.

उंबऱ्यापाशी अंकिताचा चहा होता. साय धरली होती त्यावर.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवलं. बटण दाबलं, हिरवा दिवा गेला. त्याची हनुवटी धरली आणि तोंड माझ्याकडं वळवलं. चेतनानं तोंडाला पदर लावला. मी एकेक शब्द त्याला दिसेल असा बोलले.

"नीट बग माज्या तोंडाकडं. टिचकी हाय. पैल्या ठोक्यापास्नं शेवटापर्यंत हाय. तुज्या बापानं ताटावर वाजवून शिकवलेली. विरेशनं इचारलं, तू चालव म्हनलास. कान गेलं ह्येच्यात तुजा गुना न्हाय, मागानं खाल्लं त्येंना. पर गेल्यालं कान घिऊन तू दुसऱ्याच्या जिवावर हो म्हनत बसलास, ह्यो तुजाच गुना हाय. त्येचा डोळा तू घालवलास, गुरुशांत. बहिऱ्याची आई म्हनून घ्यायला मी तयार हाय. चोराची आई म्हनून न्हाय. फोन घे. आदी अंकिताच्या दारात जायाचं, मग मालकाच्या. मी येती संगं. आन आजपास्नं कुटल्याच मागाला हात लावायचा न्हाय."