मागल्या बाजूनं

सितारा नाशिकच्या एका दवाखान्यात नर्सचं काम शिकत होती. श्वास आत कसा जातो हे तिला तोंडपाठ होतं, पण डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. म्हणून तिनं लहान लहान कागदांवर एकच छाती पुन्हा पुन्हा काढली. दर चित्रात फासळ्यांखालचा पडदा जरासा आणखी खाली, फुप्फुसं जराशी आणखी फुगलेली. पुस्तकबांधणी करणाऱ्या अब्बांनी ते कागद डावीकडून शिवून दिले. तिनं अंगठ्याखालून पानं भरभर सोडली, तसा पडदा खाली सरकला आणि छाती भरली. सितारा खूश झाली आणि लगेच वैतागली. श्वास बाहेर जातानाची चित्रं अजून काढायचीच होती, आणि त्याला बाहेर ढकलतं कोण, हेच तिला उमजत नव्हतं.

"बघू," म्हणत अब्बांनी वही घेतली. सारा जन्म उजवीकडून उघडणारी उर्दू किताबं बांधण्यात गेलेला. हाताच्या सवयीनं त्यांनी मागल्या बाजूनं पानं सोडली.

"अब्बा, तिकडून नाही," सितारा करवादली आणि बोलता बोलता थबकली. पडदा वर जात होता, फुप्फुसं आक्रसत होती. ढकलणारं कुणीच नव्हतं. ताणलेला पडदा नुसता आपल्या जागी परतत होता.

"चुकलं का गं?"

"नाही. परत करा तसंच."

अब्बा रंगून गेले. एकदा पुढून, एकदा मागून. हळूहळू त्यांचा श्वासही वहीच्या तालावर चालू लागला. मग मध्येच दोन पानं चिकटली. अब्बा छाती भरून तसेच बसून राहिले.

"पानांचं राहू द्या, अब्बा," सितारा म्हणाली, "आधी श्वास सोडा."