हातपंपाचा दांडा

संशय हा असा पाहुणा आहे की त्याला ‘या, बसा’ म्हणावं लागत नाही. तो आपली जागा आपणच करून घेतो. वहिनींच्या मनात तो शिरला एका आकड्याचं बोट धरून.

वहिनी अणुवीज केंद्रात चाचणी-प्रमुख. बाहेरची वीज गेली तर अणुभट्टी थंड ठेवणारे पंप चालवायला तिथे दोन भलीमोठी डिझेल इंजिनं असतात. वर्षानुवर्षं नुसती उभी. पण हाक आली की दहा सेकंदांत उठायचं. अकराव्या सेकंदाला माफी नाही. ती उठतात की नाही हे दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दहा वाजता पाहायचं आणि सही वहिनींनी करायची.

एक नंबरचं इंजिन माणसासारखं होतं. कधी साडेआठ सेकंद, कधी सव्वानऊ. दोन नंबरचं मात्र गेले अकरा महिने आठ पूर्णांक दोन. गारठा असो की उकाडा, आठ पूर्णांक दोन!

“लोखंडाला कधी आळस येत नाही होय?” वहिनींनी विचारलं.

“येतो की! पण माझ्या लोखंडाला नाही,” भाऊजी म्हणाले. दोन नंबरचे मेकॅनिक म्हणजे वहिनींचे सख्खे धाकटे दीर. सगळं केंद्र त्यांना वंगणबुवा म्हणे. “तुम्ही आपली सही ठोका वहिनी. अक्षर छान आहे तुमचं.”

वहिनी हसल्या. हसू ओठांवरच राहिलं.

दोन्ही भावांचं घर एकच. त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता जाऊबाई म्हणाली, “ताई, महिन्यातून एका मंगळवारी हे अर्धा तास आधी का हो पळतात? डबासुद्धा विसरतात. केंद्रात कुणी सटवी तर नाही ना?”

“आहे एक. चाळीस टनांची.”

जाऊबाई हसून लोटपोट झाली. वहिनी मात्र मनातल्या मनात मंगळवार मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच इंजिनाच्या खोलीत गेल्या. टाकीतून डिझेल आणणाऱ्या नळीवर एक छोटा हातपंप होता. गाळणी बदलली की नळीत हवा शिरते, ती काढायला त्याचे चार दांडे मारायचे. एरवी त्याला हात लावायचा नाही, असा नियम. गाळणी बदलून आठ महिने झाले होते. तरी दांड्याचा लाल रंग मुठीच्या जागी पार उडाला होता आणि आतलं लोखंड लखलखत होतं. एक नंबरच्या पंपावर धूळ होती, रंग कोरा करकरीत.

म्हणजे हा माणूस काहीतरी लपवतोय. इंजिन आजारी आहे, आणि याला ठाऊक आहे! बोलावं तर दिराची नोकरी जाते, एका चुलीच्या दोन चुली होतात. गप्प बसावं तर? केंद्राच्या भिंतीपलीकडे शाळा होती आणि घरातली दोन्ही पोरं त्याच शाळेत.

वहिनींनी देवाचं नाव घेतलं आणि पाळीप्रमुखांकडून परवानगी आणली. गुरुवार, दुपारी तीन. भाऊजींना निरोप गेला पाच मिनिटं आधी.

“आज? आज कुठला मंगळवार?”

“वीज जाताना वार विचारून जाते का भाऊजी?”

“बरं, मग जरा एक मिनिट...” त्यांची पावलं पंपाकडे वळली.

“आहात तिथेच उभे राहा.”

वहिनींनी बटण दाबलं. दाबलेली हवा फुसकारत आत गेली, इंजिन फिरू लागलं. सहा. आठ. ते खोकलं. दहा गेले, अकरा गेले. चौदाव्या सेकंदाला ते कसंबसं पेटलं.

सगळे घड्याळाकडे बघत होते, वहिनी दिराच्या चेहऱ्याकडे. पकडला गेलेला चोर आधी दाराकडे बघतो. भाऊजी इंजिनाकडे बघत होते, पायरीवरून पडलेल्या लेकराकडे बघावं तसे.

“आजारी आहे ही,” ते पुटपुटले. “मला कधी बोलली नाही.”

“बोलेल कधी? तोंड उघडायच्या आत तुम्ही पाजत होतात.”

दोन नंबर बाद, असं नियंत्रण कक्षाला कळवलं. नियमाप्रमाणे एक नंबर लगेच चालवून पाहिलं; ते नऊ सेकंदांत उठलं. मग भाऊजींनी दोन नंबरची नळी उघडली. डिझेलला मागे जाऊ न देणारी झडप होती, तिच्या रबराला चीर गेली होती. थेंब थेंब करत डिझेल टाकीत परतत होतं आणि नळी कोरडी पडत होती.

“एकदा पावणेदहा सेकंद लागले होते, मी घाबरलो,” भाऊजी खाली बसून सांगू लागले. “तेव्हापासून चाचणीआधी चार दांडे. परीक्षेला निघालेल्या लेकराला आई घोटभर पाणी पाजतेच की.”

“चारच?”

भाऊजी आपल्या तळहाताकडे बघत म्हणाले, “आधी चार. हल्ली तीस-चाळीस लागायचे. हात भरून यायचे हो. मला वाटलं, वय झालं.”

वहिनींच्या मनातला पाहुणा उठला, पण लगेच गेला नाही. दारात घोटाळत राहिला. हाताला कळत होतं ते मनाला खरंच कळलं नसेल?

“नाव माझंच लिहा,” भाऊजी म्हणाले.

“लिहिणारच. आणि खाली माझंही. अकरा सह्या माझ्या आहेत. मी दहाला यायचे, साडेनऊला एकदाही डोकावले नाही.”

चौकशी लागली, भाऊजींना खोलीत यायला बंदी झाली. रबर दुसऱ्यांनी बदललं. अख्खा एक दिवस इंजिन तसंच उभं ठेवून, कुणी बोटही न लावता, पुन्हा चाचणी झाली. वहिनी बाहेर आल्या, तेव्हा भाऊजी कुंपणाशी उन्हात ताटकळत होते.

“किती?”

“नऊ पूर्णांक एक.”

“अरेरे, दोन दांडे जरी मारले असते ना...”

“भाऊजी!”

“नाही, नाही,” त्यांनी पटकन कान पकडले. “नऊ पूर्णांक एक. छान आहे. तिचं तिनं केलंय.”

मग वहिनींना पटलं, हातांना कळलेलं भाऊजींच्या मनाला खरंच कळलं नव्हतं. दारातला पाहुणा निघून गेला.