वेगळी खिडकी

करुणाच्या पत्राला अमृतरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा अंगणात कुरडया वाळत होत्या. त्या कधीच डब्यात गेल्या, तरी रुक्माबाई रोज तेच विचारत होत्या.

"लेकीला कळवलं का?"

"कळवतो."

औरंगाबादला तिच्या कॉलेजात, खुल्या रंगमंचावर, मे महिन्यात रॉक गाण्यांचा कार्यक्रम होता. उशिरा झालेली त्यांची ही एकुलती लेक. शिरड शहापूरच्या विहारात जयंतीला पेटी वाजवायची, आता गिटार घेऊन गाणार होती. रुक्माबाईंनी रॉक म्हणजे काय ते विचारलं, तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या अमृतरावांनी शब्दकोश उघडून सांगितलं, खडक.

"म्हंजे पोरगी दगड फोडणार व्हय," म्हणून त्या कितीतरी वेळ हसल्या होत्या.

पुढची ओळ मात्र अमृतरावांनी थांबत थांबत वाचली. करुणानं लिहिलं होतं, "बाबा, गाणाऱ्यांच्या घरच्या माणसांना सवलतीची तिकिटं आहेत. त्यांची खिडकी वेगळी आहे. ओळख म्हणून तुमचं वयाचं कार्ड आणा. किती ठेवू?"

सवलत. किती सहज लिहिला होता तिनं तो शब्द.

ते स्वतः कॉलेजात होते तेव्हा भरल्या वर्गाच्या दारात कारकून यायचा आणि म्हणायचा, सवलतवाले, उभे राहा. फीमाफीच्या सह्या असायच्या. अमृतराव उभे राहायचे. मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द लांबवून पुटपुटायचं. वर्ष संपेपर्यंत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. भीती मात्र अंगात राहिली. पुढे साधी रांग दिसली तरी तळहात ओले व्हायचे.

हे त्यांनी करुणाला कधी सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक नाही, एवढीच आपली कमाई, असं त्यांना वाटे. आता त्या खिडकीपुढे, तिच्या मैत्रिणींदेखत, आपला चेहरा उतरला तर तिला विचारावंही लागणार नाही. दिसेल. आणि तेच घेऊन ती मंचावर उभी राहील.

शेवटी एका सकाळी त्यांनी लिहिलं, प्रकृती बरी नाही, येणं जमणार नाही. पाकीट चिकटवलं. गावच्या पोस्टातला माणूस चौकशी करतो, म्हणून हिंगोलीला जाऊन टाकायचं ठरवलं. रुक्माबाईंनी पाकिटात काय लिहिलंय ते विचारलं, त्यांनी सांगितलं.

"परकृतीला काय झालं तुमच्या?" त्या शांतपणे म्हणाल्या. "खिडकीला भिता तुमी. लेकराला काहून फसवता?"

त्यांनी चपला घातल्या.

एसटीत कंडक्टर धनसिंग होता. त्याचं नेहमीचं सुरू झालं.

"काका, आज तरी अर्धं फाडू का?"

"पूर्णच दे."

"कार्ड खिशात अन् तिकीट पूर्ण. सरकारला आंदण देऊन राहिले का?"

मागे दोघंतिघं हसली. अमृतरावांनी मान खाली घातली. शेजारी तांड्यावरची शालूबाई बसली होती, तिच्या बोटांत अर्धं तिकीट होतं. तिनं त्यांचं वय विचारलं. ते तिच्याच वयाचे निघाले. मग काहून, असं तिनं विचारलं, आणि जे त्यांनी रुक्माबाईंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"सवलत घ्यायची भीती वाटते."

शालूबाईनं तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"पासष्ट वरसं भरले तवा भेटलं हे, दादा. उन्हातान्हात भरले. त्यात सवलत कोन दिली मला?" मग पुढे वळून म्हणाली, "धनसिंग, तू बी भर. तुला बी देतील."

"तवर ही गाडी चालंल का, याडी?" धनसिंगनं तिला तांड्याच्या बोलीत आई म्हणत विचारलं.

सगळी गाडी हसली. अमृतरावांना हसू आलं नाही, पण मान वर झाली.

हिंगोलीच्या पोस्टात त्यांनी पाकीट खिशातच ठेवलं आणि एक पोस्टकार्ड घेतलं. दोरीला बांधलेल्या पेनानं उभ्याउभ्याच लिहिलं.

"चि. करुणा, दोन तिकिटं ठेव, सवलतीची. कार्ड आणतो. त्या खिडकीपाशी मला भीती वाटेल. तू जवळ थांब. का, ते तिथे सांगेन."

दोरी आखूड पडल्यानं 'सवलतीची' हा शब्द फिसकटला होता. त्यांनी तो पुन्हा गिरवला. आता तो लांबूनही वाचता येत होता. शिक्के मारणारा वाचेल, पोस्टमन वाचेल, वसतिगृहाच्या दारावरची बाई वाचेल. पाकिटात घालावं का, असं एकदा मनात आलं.

ते लाल पेटीपाशी गेले. पोस्टकार्ड आत सरकवलं, पण बोटं सुटेनात. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"टाका की काका."

अमृतरावांनी बोटं सोडली.