अप्पांचा खांदा आणि कराची वजावट

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी उजवी बिजागरी तुटली आहे आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली आहे. मला उघडायचं तर दोन्ही हातांनी, हळूच उघडावं लागतं.

माझ्या आयुष्याची पहिली वर्षं बेंगळुरातल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, एका मोठ्या कंपनीच्या थंडगार खोलीत गेली. मग कंपनीने नवे लॅपटॉप आणले आणि आम्हा जुन्यांना टेम्पोत भरून एस. पी. रोडच्या जुन्या मालाच्या बाजारात पाठवलं. तिथल्या दुकानदाराने माझी बॅटरी बदलली, मला पुसलं आणि काचेच्या कपाटात मांडलं. तिथून मला उमाकांत घरी घेऊन आले.

उमाकांत होसकोट्याच्या एका कारखान्यात गोदामाचे सुपरवायझर होते. माणसं कमी पडली की स्वतःच पेट्या उचलायचे. त्यांची मुलगी हर्षिता हिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता, म्हणून मला आणलं. त्यांच्या बायकोने, अहल्याबाईंनी, मला कुंकू लावलं. हे घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातच आहे. घरात मराठी बोलतात, पण कन्नड शब्द पाहुण्यासारखे येतात आणि जेवूनच जातात.

हर्षिता वडिलांना अप्पा म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. अप्पांचा उजवा खांदा दुखायचा. माझ्या पडद्यावर खांद्याचे स्नायू उघडून हर्षिता त्यांना समोर स्टुलावर बसवायची.

"हात वर न्या अप्पा. स्वल्प अजून. दुखलं की थांबा."

"सरी डॉक्टर," अप्पा मान डोलावून म्हणायचे, आणि दुखलं तरी थांबायचे नाहीत.

माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

एप्रिलमधल्या एका रविवारी अहल्याबाईंचे धाकटे भाऊ वादिराज आले. ते व्हाइटफील्डला एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात. अप्पांच्या कारखान्याने विचारलं होतं, यंदा तुमचा आयकर जुन्या पद्धतीने कापायचा की नव्या? मला मध्ये ठेवून सगळे बसले.

"भावजी, नव्या पद्धतीत वजावटी नाहीत," वादिराज म्हणाले. "पण उत्पन्न ठरावीक रेषेच्या आत राहिलं तर सगळा कर माफ. तुमचा नुसता पगार आत बसतो. ओव्हरटाइम केलात की बाहेर गेलात."

"आणि जुन्या पद्धतीत?"

"तिथे हर्षिताची ट्यूशन फी उत्पन्नातून वजा होते, शिक्षणकर्जाचं व्याजही. ओव्हरटाइम करूनही कर थोडाच बसेल. पण ही पावती बघा. ट्यूशन फी निम्मीच आहे. बाकी विकासनिधी आणि काय काय. त्याला वजावट नाही."

अहल्याबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "म्हणजे ओव्हरटाइम नाही केला तर कर नाही, आणि हे वेळेवर घरी. नवीच घ्या म्हणून सांग ना रे यांना, वादिराज. केस विंचरायला हात वर जात नाही यांचा."

"आणि कर्जातून न भागलेली फी?" अप्पांनी विचारलं. "ती कशातून भरायची?"

हर्षिता म्हणाली, "अप्पा, मी एक वर्ष थांबते."

"थांबायचं नाव काढायचं नाही!"

अप्पा एवढे मोठ्याने कधी बोलत नसत. त्यांनी मला जवळ ओढलं आणि एका बोटाने 'जुनी पद्धत' निवडली. त्या बोटाचा दाब मला अजून आठवतो. दार लावून घ्यावं तसं त्यांनी ते दाबलं होतं.

मग अप्पा रोज अंधार पडल्यावर घरी येऊ लागले. अहल्याबाई त्यांचे केस विंचरून द्यायच्या. हर्षिताने एकदा मला उघडून फाटलेल्या स्नायूचं चित्र दाखवलं. "असं होईल अप्पा. पेट्या उचलू नका." अप्पांनी चित्राकडे नीट पाहिलं. "सुंदर काढलंय," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आयुधपूजेला माझ्यावर शेवंतीचं फूल ठेवलं. अप्पांनी कारखान्यातल्या यंत्रांच्या पूजेचे फोटो आणून माझ्यात साठवले. यंत्रांवरचे हार सुकले नसतील तोच कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली. उत्पादन दुसऱ्या राज्यात हलवलं होतं, आणि अप्पांच्या गोदामातल्या एकालाही तिकडे बोलावलं नव्हतं.

वादिराज पुन्हा आले. या वेळी चहाही न घेता त्यांनी हिशेब केला.

"यंदा कर शून्य," ते म्हणाले.

अहल्याबाईंचा चेहरा जरा खुलला. "नव्या पद्धतीने?"

"कुठल्याही पद्धतीने, अक्का. अर्ध्या वर्षाचंच उत्पन्न आहे."

"मग फीची वजावट? व्याजाची?"

"वजा करून मिळणार काय? करच नाही, तर वाचणार काय?"

"पुढच्या वर्षी घेता येईल ना रे?"

"नाही गं. यंदाची यंदाच."

पगारातून आधी कापलेला थोडा कर पुढे परत आला, आणि एका महिन्याच्या घरभाड्यात संपला.

तपासणीत खांद्याचा स्नायू खरंच फाटलेला निघाला. तो हात बघून कुठल्याच गोदामाने त्यांना ठेवून घेतलं नाही. शेवटी व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीत ते रखवालदार झाले. त्या पगारावर बँक कर्ज वाढवून देईना, आणि फी भरल्याशिवाय कॉलेज परीक्षेला बसू देईना. तिसऱ्या वर्षात हर्षिताने कॉलेज सोडलं. तिला फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी लागली.

कंपनीने प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाठवले. माझ्यात त्यांना जागा नव्हती. हर्षिता मला मांडीवर घेऊन बसली आणि कॉलेजचे धडे निवडू लागली. मणका. गुडघा. खांदा. प्रत्येकाचं नाव ती ओठांतल्या ओठांत वाचत होती. अप्पा कामावर निघाले होते. निळा गणवेश घालून ते तिच्या मागे उभे राहिले.

"ते राहू दे की, हर्षिता. पुढे लागतील."

"जागा नाही अप्पा."

"वादिराजमामाला विचारू. तो कुठेतरी ठेवेल."

हर्षिता वळली नाही. "तुम्हाला उशीर होईल," ती म्हणाली, आणि तिने धडे पुसून टाकले. अप्पा डाव्या हाताने टोपी घालून निघून गेले.

मित्रांनो, तुमच्यासाठी घरातलं कुणी दुखरा हात घेऊन रोज कामाला जात असेल. 'आता इतकं दुखत नाही' असं ते सांगतील. त्यांचं ऐकू नका. पगार चालू आहे तोवरच त्यांना डॉक्टरांकडे न्या. आमच्या घरी ते राहून गेलं.

हर्षिता संध्याकाळी मला उघडते, तक्रारी ऐकण्याचे धडे बघते आणि मिटून ठेवते. समोरचं स्टूल आता स्वयंपाकघरात असतं. त्याच्यावर पाण्याचा कॅन ठेवतात.