खिडकीवरून परत आलेला फोटो

मित्रांनो, दुसऱ्याच्या तोंडाला न विचारता हात लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आमच्या फोटोवाल्याला तेवढी एकच खोड आहे. बोलायला लाघवी, कामाला चोख, पण गिऱ्हाईक स्टुलावरून उठलं की याचे हात शिवशिवायला लागतात. त्यापायी मी वाया गेलो. मी पासपोर्टचा एक जुना फोटो आहे. माझ्या पाठीला अजून वाळलेला डिंक आहे आणि एक कोपरा फाटलाय.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. भिंतीवर पांढरा पडदा, पुढे डुगडुगणारं स्टूल. त्यावर मावशी बसल्या. गल्लीत सगळे त्यांना मावशीच म्हणतात, आणि जरा दबकूनच म्हणतात.

"मावशी, मान सरळ. हसू नका, चालत नाही."

"हसतंय कोण? पाय सुजलेत माझे. उरक."

निघालो तेव्हा मी अगदी खरा होतो. मग फोटोवाल्याने मला कॉम्प्युटरवर घेतलं. आधी डोळ्यांखालचं काळं गेलं, मग कपाळावरच्या आठ्या, मग बसलेले गाल भरून आले. डाव्या भुवईवर एक पांढरट खूण होती, बोटाच्या पेराएवढी. तीही त्याने पुसली. मला दुखलं नाही. पण घरातून कुणी उठून गेल्यासारखं वाटलं.

एका कागदावर आम्ही आठ भावंडं उमटलो. मावशींनी चष्मा लावून मला पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "बरा आलाय," एवढंच म्हणाल्या. पण घरी जाताना शेजारणीच्या दारात मुद्दाम थांबल्या आणि मला दाखवलं. माझं सगळं कौतुक काय ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मला अर्जावर चिकटवलं. ऑफिसातल्या लाकडी बाकावर तीन तास गेले. पंखा फिरत होता, पण वारा काही येत नव्हता. खिडकीतल्या कारकुनाने मला पाहिलं, मावशींना पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"आजी, हा फोटो कुणाचा?"

"माझाच. आणि आजी अजून झाले नाही. व्हायलाच निघालेय."

त्यांची लेक परदेशात होती. दीड महिन्यावर बाळंतपण आलेलं. मागच्या खेपेला तिच्याजवळ आपलं माणूस कुणी नव्हतं, आणि बाळ हाती लागलं नाही. या वेळी मावशींनी तिला शब्द दिला होता, मी येते. तो शब्द माझ्या भरवशावर होता.

कारकून म्हणाला, "भुवईवर खूण आहे तुमच्या. अर्जातही लिहिलीय. फोटोत कुठाय?"

"खूण काय पळून जातेय? ही बघा, हात लावून बघा."

"विमानतळावर कोण हात लावून बघणार? आज चारच्या आत नवा फोटो आणा. नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी."

त्याने मला नखाने उपटलं आणि बाहेर सरकवलं. मावशींनी मला पाकिटात टाकलं. उन्हात चालता चालता त्या दोनदा थांबल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी भुवईवर बोट ठेवलं. लेक दोन वर्षांची असताना तिने हातातलं पितळी भांडं खेळता खेळता आईच्या कपाळावर आपटलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्याच खुणेवर बोट ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

"दिसलं होतं मला," मावशी पुटपुटल्या. "दिसलं होतं, तरी गप्प बसले."

फोटोवाला डबा खात होता. मावशींनी त्याला उष्ट्या हातानेच उठायला लावलं. नवा फोटो निघाला, आणि मावशी त्याच्या पाठीमागे पोलिसासारख्या उभ्या राहिल्या. माझ्या त्या धाकट्या भावाच्या डोळ्यांखाली काळं होतं, आठ्या होत्या, खूणही होती. चारला दहा कमी असताना तो खिडकीतून आत गेला आणि बाहेर पावती आली.

मी अजून पाकिटातच आहे, औषधांच्या चिठ्ठ्यांत. थकलोय मी. मला जपा असं म्हणणार नाही, माझा आता कुणाला उपयोग नाही. पण मित्रांनो, कुणाचा चेहरा तुमच्या हाती आला तर आहे तसा सांभाळा.

त्या दिवशी पावती घेऊन मावशी घरी जातील असं मला वाटलं होतं. त्या सुजल्या पायांनी परत दुकानात आल्या.

"झालं ना काम, मावशी?" फोटोवाला कसनुसा हसला. "मी आपलं तुम्ही छान दिसावं म्हणून..."

"छान दिसले, आणि मला गोडही वाटलं. ती चूक माझी, ती मी पदरात घेते," मावशी म्हणाल्या. "पण तुझी तू घे. यापुढे कुणाच्या तोंडाला हात लावायच्या आधी तोंड उघडून विचारायचं. परक्या मुलखात माझी लेक मला घ्यायला येणार आहे. विमानातून तिची आई उतरायला हवी रे. तू केलेली नको."