पलीकडल्याचं हाड

ओदवारच्या नातीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी दोघा भावांना प्रोस्टेटच्या कर्करोगावर रेडियमची सहा-सहा इंजेक्शनं मिळाली. नात आता शाळेत जाऊ लागली, तरी इस्पितळातल्या सिगरून सिस्टरचा फोन दोघांनाही दर सहा महिन्यांनी यायचाच. या औषधाने पुढे हाडं ठिसूळ होतात का, यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची होती.

"कुठलं हाड मोडलं का?" तिने विचारलं.

"माझं नाही. पलीकडल्याचं. लिही."

पलीकडला म्हणजे शेजारच्या घरातला धाकटा भाऊ एल्दार. आईच्या होडीघराच्या वाटणीवरून दोघे एकोणीस वर्षं बोलत नव्हते.

"दुसऱ्याचं मला लिहिता येत नाही, ओदवार."

"चार दिवस त्याच्या दारातला बर्फ तसाच आहे. एरवी माझी झोप मोडायला सकाळी सहाला फावडं खरवडतो मेला."

सिस्टर म्हणाली, "जाऊन बघा ना."

"त्याच्या उंबऱ्यावर? मी?"

त्याने फोन आपटला आणि बूट चढवले.

दार नुसतं लोटलेलं होतं. एल्दार बाकावर आडवा, खाली बादली, टेबलावर पाव वाळून गेलेला.

"मेलो का बघायला आलास?"

"सिस्टरला काय सांगितलंस?"

"ठणठणीत."

"आणि इतकी वर्षं?"

"तेच. रडगाणं गायला मी काय ओदवार आहे?"

"लबाडा! एका आईची हाडं, औषधही एकच. माझी टिकली, तुझी मोडली, हे त्यांना कळायला नको? तुझ्या ऐटीपायी पुढचे म्हातारे पांगळे होतील."

"होऊ देत. आधी तू हो."

ओदवारने सिस्टरचा नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी दाबून धरला. एल्दारने मान फिरवली; ओदवारने फोनही फिरवला.

"खुबा," तो शेवटी पुटपुटला. "आणि मागल्या साली बरगडी. तीही लिही. आणि या गाढवाला माझ्या घरातून घालव."

धक्क्यावर रुग्णबोट आली तेव्हा दारातल्या बर्फातून स्ट्रेचर न्यायला वाट नव्हती. ओदवारने एल्दारचंच फावडं उचललं.

"दांडा मोडशील माझा," एल्दार स्ट्रेचरवरून ओरडला.

पुढे रोज सकाळी सहाला ओदवार त्या रिकाम्या घराची वाट खरवडत राहिला.

एल्दार अकरा मार्चला इस्पितळात वारला.